सोल गायकांचे सुरुवातीचे परदेश दौरे आणि त्यांच्या पाठीमागची साथ

आपल्या श्रवणमंडळासाठी अमेरिकी सोल संगीतावर, म्हणजे चर्चमधील गॉस्पेल आणि ब्लूज यांतून घडलेल्या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गायनावर, दोन तासांचे सत्र तयार करणाऱ्या कोल्हापूरच्या एका श्रोत्याने येथे दोन प्रश्न विचारले आहेत. मोटाउन या तबकड्या काढणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या कलाकारांचा १९६५ सालचा इंग्लंडचा दौरा अनेक गावांत अर्ध्या रिकाम्या सभागृहांपुढे झाला आणि स्टॅक्स या तशाच दुसऱ्या कंपनीच्या कलाकारांचा १९६७ सालचा युरोपचा दौरा मात्र गाजला, तर स्टॅक्सचे गायक मंचावर अधिक चांगले होते असे समजावे काय, हा पहिला प्रश्न. स्टुडिओत निवांत वाटणारी गाणी या दौऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांत इतकी पळतात का, हा दुसरा.

मी मूळचा ट्रम्पेटवादक आहे. गिरगावात राहत असताना गोव्याच्या एका मास्तरांकडे नोटेशन वाचायला शिकलो आणि पुढे तीसहून अधिक वर्षे वाद्यवृंदांत आधी वादक, मग संगीत संयोजक म्हणून काम केले. त्यातील बराच काळ परदेशांतील महाराष्ट्र मंडळांच्या आणि आखाती देशांतील आयोजकांच्या कार्यक्रमांत गेला, जेथे गायक मुंबईहून येतो आणि त्याच्यामागे कोण वाजवणार हे कित्येकदा शेवटच्या आठवड्यात ठरते. माझ्या मास्तरांच्या पिढीने ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी आणि टेडी वेदरफोर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकी कलाकारांचे जॅझ ऐकले होते, त्यामुळे त्या संगीताची ओढ मला शिकवणीबरोबरच मिळाली. उत्तर मी या कामाच्या अनुभवातून देतो आहे.

तुमचा प्रश्न गायकांच्या गुणवत्तेचा दिसत असला, तरी माझ्या मते खरा प्रश्न असा आहे, की गायक समुद्रापलीकडे जातो तेव्हा त्याच्याबरोबर काय काय जाऊ शकते. सोल संगीताची तबकडी हे एका ठरावीक खोलीचे, त्या खोलीतील ठरावीक वादकांचे आणि त्यांच्या रोजच्या सवयीचे फळ असते. गळा विमानात बसतो; खोली बसत नाही, आणि वादक बसतील की नाही हे पैसा, परवाना आणि आयोजकाची समज यांवर ठरते. एकाच गायकाचा लंडनमधील मंगळवारचा कार्यक्रम आणि लीड्समधील गुरुवारचा कार्यक्रम यांतसुद्धा फरक पडतो, म्हणून ‘अमुक कंपनीचे कलाकार सरस’ असा सरसकट निकाल मी देणार नाही. कोणता दौरा कोणत्या सामानानिशी निघाला होता, हे मात्र बऱ्यापैकी सांगता येते.

आधी परवान्याचे पाहू, कारण ते कळल्याशिवाय ब्रिटनमधील सुरुवातीचे दौरे समजत नाहीत. तेथील वादकांच्या संघटनेच्या आग्रहामुळे १९३५ पासून अमेरिकी वाद्यवृंदांना ब्रिटनमध्ये वाजवण्याची परवानगी मिळणे जवळजवळ बंद झाले होते. १९५६ मध्ये यातून वाट निघाली ती देवाणघेवाणीची: अमेरिकेतून जितके वादक येतील तितक्या ब्रिटिश वादकांना तिकडे काम मिळाले पाहिजे. गायकांना हे बंधन त्याच प्रकारे लागू नव्हते, कारण त्यांची गणना विविध करमणुकीच्या कलाकारांत होत असे. परिणाम असा झाला, की गायकाला एकट्याने आणणे सोपे आणि त्याचा वाद्यवृंद आणणे कठीण आणि महाग ठरले. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये सॅम कुक आणि लिट्ल रिचर्ड ब्रिटनच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्यामागे साउंड्स इन्कॉर्पोरेटेड हा ब्रिटिश संच वाजवत होता. डॉनकॅस्टरच्या पहिल्या कार्यक्रमात लिट्ल रिचर्डने धार्मिक गॉस्पेल गीते गायली, आणि रॉक अँड रोल ऐकायला आलेले श्रोते नाराज झाले. ऑर्गनवर बसलेला बिली प्रेस्टन तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता. कुकला मिळणारा प्रतिसाद पाहिल्यावर रिचर्ड आपल्या जुन्या गाण्यांकडे वळला आणि पुढचा दौरा जोरात झाला.

हीच पद्धत क्लबांच्या पातळीवर अधिक ठळक दिसते. मेजर लान्स किंवा पॅटी लाबेल यांच्यासारखे कलाकार १९६५-६६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये आले, तेव्हा ब्ल्यूसॉलॉजी नावाच्या लंडनच्या संचाने त्यांना साथ केली. त्या संचात कीबोर्ड वाजवणारा रेज ड्वाइट नावाचा तरुण पुढे एल्टन जॉन या नावाने जगाला माहीत झाला. अशा संचातील मुले हुशार असत आणि तबकड्या ऐकून ऐकून गाणी पाठ करत. तरीही पाठ केलेली गोष्ट आणि अंगात मुरलेली गोष्ट यांत फरक राहतोच, आणि तो फरक मी स्वतः भोगलेला आहे.

एका आखाती शहरात आमच्या गायिकेसाठी आयोजकांनी तेथीलच वादक ठरवले होते. मी नोटेशन आठवडाभर आधी पाठवले होते. वादक इतके वाचणारे होते, की तालमीत पहिल्याच फेरीत एकही स्वर चुकला नाही. पण लावणी सुरू झाली आणि माझ्या लक्षात आले, की ढोलकीच्या ठेक्यातील जी लवचिक ओढ कागदावर लिहिता येत नाही, नेमकी तीच गायब आहे. मात्रा जागच्या जागी होत्या, आणि गाणे तरीही उभे राहत नव्हते. गायिकेने दुसऱ्या अंतऱ्यात आवाज चढवून ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला, तिसऱ्या गाण्यापर्यंत तिचा घसा बसला, आणि श्रोत्यांना वाटले की बाईंचा आज सूर लागत नाही. दोष साथीचा होता आणि पदरी पडला गायिकेच्या. तेव्हापासून कोणत्याही जुन्या दौऱ्याच्या कथेत ‘गायक त्या रात्री फिका पडला’ असे वाक्य आले, की मी आधी पाहतो की पाठीमागे कोण होते.

सोलमध्येही अशी न लिहिता येणारी ओढ आहे. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओतील ड्रमवादक अल जॅक्सन आणि गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर हे १९६५ पासून चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी मात्रा केसभर मागे ठेवू लागले. अ‍ॅटलांटिक या स्टॅक्सच्या तबकड्या वितरित करणाऱ्या कंपनीच्या जेरी वेक्सलरने तेव्हाच्या एका नाचाची चाल त्यांना स्टुडिओतच नाचून दाखवली आणि त्यावरून ती ढब आली. नोटेशनमध्ये ही मात्रा जागेवरच लिहिली जाते. जो वादक त्या खोलीत बसलेला नाही, तो ती जागेवरच वाजवतो, आणि गाणे ताठ होते.

आता १९६५ चा दौरा. बेरी गॉर्डीच्या मोटाउन कंपनीच्या तबकड्या ब्रिटनमध्ये तोवर निरनिराळ्या कंपन्यांच्या शिक्क्यांखाली विखुरलेल्या होत्या. ईएमआय या ब्रिटिश कंपनीने त्या ‘टॅमला मोटाउन’ या एका नावाखाली १९६५ च्या मार्चमध्ये आणायला सुरुवात केली. हे नाव एकत्र करण्यामागे डेव्ह गॉडिन या इंग्रज चाहत्याचा आणि त्याने चालवलेल्या चाहत्यांच्या मंडळाचा मोठा वाटा होता. त्याच महिन्यात, २० मार्चला, लंडनच्या फिन्सबरी पार्क अ‍ॅस्टोरियापासून दौरा सुरू झाला. सुप्रीम्स, मार्था अँड द व्हँडेलाज, मिरॅकल्स आणि चौदा वर्षांचा स्टीव्ही वंडर अशी मंडळी त्यात होती. आज ही यादी वाचली की सभागृह रिकामे राहूच कसे शकते असे वाटते, पण ती आपण आजच्या कानांनी वाचतो. त्या वसंतात ब्रिटनच्या सामान्य श्रोत्याला यांतील फक्त सुप्रीम्स नीट माहीत होत्या. त्यांचे ‘बेबी लव्ह’ १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे पहिल्या क्रमांकावर गेले होते. मार्था रीव्हजचे ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ हे गाणे अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोचले, पण ब्रिटनमध्ये त्या वेळी अठ्ठाविसाव्या क्रमांकाच्या पुढे सरकले नाही. पाच वर्षांनी पुन्हा काढले तेव्हा ते पहिल्या पाचांत गेले. बीबीसीवर तबकड्या वाजवण्याच्या तासांवर कराराने मर्यादा होती. ती उणीव भरून काढू पाहणारे, समुद्रात जहाज उभे करून गाणी वाजवणारे रेडिओ कॅरोलाइन १९६४ च्या मार्चमध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभर आधी, सुरू झाले होते. लंडनचा चाहता जुना होता आणि तबकडी मिळवण्यासाठी वणवण करणारा होता. ब्रिस्टल किंवा कार्डिफच्या चित्रपटगृहात दोन खेळ भरवतील इतके चाहते मात्र तेव्हा तयार झालेले नव्हते. जानेवारीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेल्या जॉर्जी फेम या ब्रिटिश गायकाचे नाव दौऱ्याला जोडले गेले, यावरूनच आयोजकांची काळजी दिसते.

गाणे आधी पोचते आणि मग गायक पोचतो, हा क्रम आमच्या व्यवसायात मोडता येत नाही. मुंबईत वर्षभर गाजलेले गाणे न्यू जर्सीतील श्रोत्यांच्या कानांवर पडलेले नसेल, तर तेथे त्याच्या पहिल्या सुरावर टाळी येत नाही, आणि पहिल्या सुरावर टाळी आली नाही की गायकाचा अर्धा आत्मविश्वास तेथेच ओसरतो. १९६५ च्या दौऱ्याचे दुर्दैव प्रामुख्याने हे होते.

त्यात साथीचा प्रश्न मिसळला. डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील स्टुडिओत जे वादक ही गाणी घडवत, ज्यांना पुढे फंक ब्रदर्स म्हणून ओळखले गेले, त्यांच्यापैकी अर्ल व्हॅन डाइक हा कीबोर्डवादक सहा जणांचा संच घेऊन आला होता. सहा माणसे म्हणजे कमी नव्हेत, आणि अर्ल व्हॅन डाइक हा अस्सल माणूस होता. पण मोटाउनच्या तबकडीची रचना अनेक थरांची असते. तीत डेट्रॉइट सिम्फनी या वाद्यवृंदाच्या वादकांनी वाजवलेली व्हायोलिने असतात, डफ असतो, व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य असते, टाळ्या असतात. एकाच गाण्यात इतके थर रचायचे आणि ते मंचावर सहा जणांनी उलगडून दाखवायचे, यात काहीतरी सांडणारच. मोटाउन आपल्या वादकांची नावे त्या काळी आवरणावर छापतही नव्हते, ती प्रथम १९७१ मध्ये छापली गेली. म्हणजे हा साथीदार खुद्द त्या स्टुडिओतून आला आहे, हे श्रोत्यांतील फार थोड्यांना कळले असेल. मला याचे आजही वाईट वाटते.

तरीही हा दौरा फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. डस्टी स्प्रिंगफील्ड या लोकप्रिय इंग्रज गायिकेने या कलाकारांसाठी दूरचित्रवाणीचा एक खास कार्यक्रम सादर केला, जो एप्रिलच्या शेवटी दाखवला गेला. दौऱ्यात नसलेला टेम्प्टेशन्स हा संचही त्यात होता. रिकाम्या खुर्च्यांपर्यंत जे गाणे पोचले नाही, ते त्या एका संध्याकाळी घराघरांत पोचले. पुढच्या दोन वर्षांत ब्रिटनमध्ये मोटाउन ज्या वेगाने पसरले, त्याची पेरणी त्याच वसंतात झाली होती.

पॅरिसची गोष्ट निराळी होती. तेथे अमेरिकी कृष्णवर्णीय संगीताचा श्रोतृवर्ग जॅझमुळे कित्येक वर्षांपासून तयार होता. रे चार्ल्स १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये तेथील पॅले दे स्पोर या क्रीडागृहात आपला संपूर्ण वाद्यवृंद घेऊन आला आणि सभागृह रात्रीमागून रात्री भरले. तुमच्या सत्रात ही तारीख सांगणार असाल तर तिच्यालगतची दुसरी गोष्टही सांगावी, असे मला मनापासून वाटते: १७ ऑक्टोबरला पॅरिसच्या पोलिसांनी अल्जीरियन निदर्शकांवर जो अत्याचार केला, त्यात पकडलेल्या हजारो लोकांना याच इमारतीत कोंडले होते, आणि रे चार्ल्सच्या कार्यक्रमासाठी त्यांना तेथून दुसरीकडे हलवण्यात आले. त्यात गायकाचा काही दोष नव्हता, पण त्या मैफलीचे वर्णन या गोष्टीवाचून अपुरे राहते. मोटाउनचा संच १३ एप्रिल १९६५ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात गायला, आणि त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. इंग्लंडमधील तीन आठवड्यांच्या दौऱ्यानंतर संच किती घट्ट झाला होता, ते त्यात ऐकू येते.

आता स्टॅक्स. मेम्फिसच्या ईस्ट मॅक्लेमोर अव्हेन्यूवरील एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात या कंपनीचा स्टुडिओ होता. प्रेक्षकांच्या उतरत्या जमिनीवरच वादक बसत. येथे जवळजवळ प्रत्येक गायकामागे तेच चौघे वाजवत: ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, गिटारवर क्रॉपर, बेसवर डक डन आणि ड्रमवर अल जॅक्सन. ट्रम्पेटवर वेन जॅक्सन आणि सॅक्सोफोनवर अँड्र्यू लव्ह यांच्यासारखे वादक त्यांच्या जोडीला असत. गाण्याची मांडणी कागदावर न करता तोंडी, वाजवून दाखवून ठरत असे. १९६७ च्या मार्चमध्ये ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह, एडी फ्लॉइड, आर्थर कॉन्ली आणि सुरुवातीच्या काही कार्यक्रमांपुरती कार्ला टॉमस अशी मंडळी युरोपला निघाली, तेव्हा हे चौघे आणि ब्रासचे, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे, तिघे त्यांच्याबरोबर निघाले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर या एका गोष्टीत आहे. ज्या सात माणसांनी तबकडी घडवली, तीच सात माणसे मंचावर उभी होती, आणि तबकडीत त्यांच्याखेरीज फारसे कोणी नव्हतेच. मोटाउनचे सहा आले तेव्हा त्यांचे बाकीचे घर डेट्रॉइटमध्ये राहिले. स्टॅक्सचे सात आले तेव्हा घरच आले.

शिवाय मधल्या दोन वर्षांत जमीन तयार झालेली होती. ओटिस रेडिंग १९६६ च्या सप्टेंबरमध्ये एकदा इंग्लंडला येऊन, दूरचित्रवाणीवर गाऊन गेला होता. बुकर टी. आणि त्याच्या संचाचे स्वतःच्या नावाचे ‘ग्रीन अनियन्स’ १९६२ मध्येच गाजलेले असल्यामुळे या साथीदारांना चेहरा आणि नाव होते. विमानतळावर त्यांना घ्यायला बीटल्सने आपल्या मोटारी पाठवल्या. मेम्फिसमध्ये साप्ताहिक पगारावर रोज स्टुडिओत जाणाऱ्या या माणसांना लंडनमध्ये रस्त्यावर ओळखणारे लोक भेटले आणि ते स्वाक्षऱ्या मागू लागले, याचा धक्का त्यांनी नंतर अनेकदा बोलून दाखवला आहे. आणखी एक गोष्ट यात होती. चौघांपैकी दोघे कृष्णवर्णीय आणि दोघे गोरे होते. १९६४ च्या कायद्याने अमेरिकेत वर्णभेदावर बंदी आली असली, तरी दक्षिणेत रुजलेली रीत कायद्याने एका दिवसात गेली नव्हती; युरोपात ते कोणत्याही हॉटेलात एका टेबलावर जेवू शकत होते. बरोबर बसून खाणारा संच बरोबर वाजवतो, हे मी आमच्या दौऱ्यांतही पाहिले आहे, जेथे वादकांना वेगळ्या पंगतीत बसवणारे आयोजक मला भेटले आणि त्या रात्रीचा कार्यक्रम कसा झाला तेही मला आठवते.

दुसरा प्रश्न लयीचा. गाणी पळतात हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, आणि याचे कारण ‘उत्साहाच्या भरात लय वाढली’ इतके सोपे नाही. उत्साहात वाढलेली लय आणि ठरवून वाढवलेली लय यांत फरक ओळखण्याची एक साधी रीत मी माझ्या वादकांना शिकवतो. गाणे सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा सेकंदांतील ठोके मोजा आणि मग शेवटच्या मिनिटातील तितक्याच अवधीचे मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर लय मुळातच चढी धरलेली आहे; दुसरा आकडा मोठा असेल तर वादकांच्या हातून ती सुटली आहे. अल जॅक्सनसारख्या, ठेक्याच्या स्थिरपणासाठी वाखाणल्या गेलेल्या वादकाच्या बाबतीत चढी लय हा बहुतेक वेळा निर्णय असतो, असे माझे मत आहे.

हा निर्णय का घेतला गेला असेल, ते सभागृहांकडे पाहिले की उमगते. ब्रिटनमधील हे कार्यक्रम बहुधा चित्रपटगृहांत होत, एका संध्याकाळी दोन खेळ असत आणि एकाच तिकिटात पाच-सहा कलाकार ऐकवायचे असत, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला थोडीच मिनिटे येत. खुर्च्या जमिनीत पक्क्या बसवलेल्या असल्याने नाचायला जागा नसे, आणि हे तर नाचायचे संगीत. श्रोत्यांच्या पायांतून जी ऊर्जा क्लबात आपोआप येते, ती येथे मंचावरूनच द्यावी लागे. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर ठेवतात ते मॉनिटर तेव्हा रूढ नव्हते; गायक समोरच्या भिंतीवरून परत आलेल्या आवाजाच्या भरवशावर गात असे, आणि ड्रम आणि ब्रास यांच्या गजरात तो आवाज बुडे. संथ गाण्यातील मोकळी जागा स्टुडिओत खोलीचा गुंजारव भरून काढतो. मंचावर ती जागा उघडी पडते, आणि अनुभवी संचप्रमुख ती लय चढवून झाकतो. मी स्वतः हे असंख्य वेळा केले आहे.

स्टॅक्सच्या दौऱ्यात याला एका चुरशीची जोड मिळाली. ओटिस रेडिंगच्या आधी सॅम अँड डेव्ह गात, आणि ते दोघे श्रोत्यांना इतके तापवून ठेवत की त्यांच्यानंतर मंचावर येणे हीच परीक्षा असे. ओटिस हा हालचालींत त्यांच्याइतका चपळ नव्हता. त्याच्याकडे आवाज होता आणि लय चढवण्याची हिंमत होती. ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ हे १९३० च्या दशकातील जुने गाणे त्याने स्टुडिओत अगदी विलंबितात सुरू केले आहे. मागे ड्रमच्या कडेवरचा एक नाजूक टकटकाट वेळ मोजत राहतो, एकेक वाद्य आत येते आणि शेवटी सारा संच द्रुतात पोचतो. आपल्याकडच्या श्रोत्याला हा प्रवास समजावून सांगावा लागत नाही. मंचावर त्याने त्या द्रुताच्या टोकाला पोचून गाणे संपवल्यासारखे करायचे आणि पुन्हा तेच टोक नव्याने गाठायचे, असे करत करत श्रोत्यांना खुर्च्यांतून उठवले.

आता एक तांत्रिक गोष्ट, जी कलाकारांविषयीच्या लेखनात फारशी येत नाही. अमेरिकेतील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची आणि युरोपातील ५० आवर्तनांची. हॅमंड ऑर्गन या विजेवर चालणाऱ्या वाद्यातील, स्वर निर्माण करणारी चक्रे ज्या मोटरवर फिरतात, ती मोटर विजेच्या आवर्तनांशी बांधलेली असते. अमेरिकेतील ऑर्गन केवळ ट्रान्सफॉर्मर लावून युरोपात सुरू केला, तर तो तीन अर्धस्वर खाली बोलतो. म्हणजे काळी चारच्या पट्टीत वाजवायला घेतलेले गाणे पांढरी चारच्या पट्टीत ऐकू येईल. म्हणून त्या काळी दौऱ्यावरील ऑर्गनवादकाला तेथील विजेसाठी बनवलेले वाद्य भाड्याने घेणे भाग असे, आणि रोज नव्या गावी नव्या वाद्याशी जुळवून घ्यावे लागे. आम्ही मुंबईहून टेपवर चालणारे एको-यंत्र अमेरिकेला नेले होते. ट्रान्सफॉर्मर बरोबर होता, तरी आवर्तने जास्त असल्यामुळे टेप वेगाने फिरली आणि प्रत्येक प्रतिध्वनी आमच्या ठेक्याच्या आधी येऊ लागला. कार्यक्रमाच्या तासभर आधी ते यंत्र बाजूला ठेवावे लागले. ज्या गाण्याची ओळख त्या प्रतिध्वनीवरच होती, त्या गाण्यात गायकाने त्या रात्री काय सोसले ते मला ठाऊक आहे.

वरचा सारा युक्तिवाद तपासून पाहायचा असेल, तर अरीथा फ्रँकलिनचे उदाहरण घ्या. १९६७ पासूनच्या तिच्या अ‍ॅटलांटिकवरील तबकड्यांत स्पूनर ओल्डहॅम, रॉजर हॉकिन्स यांच्यासारखे अलाबामाच्या मसल शोल्समधील वादक आहेत. ती १९६८ च्या वसंतात युरोपला गेली तेव्हा तिच्यामागे तिचा दौऱ्याचा वाद्यवृंद होता, हे वादक नव्हते. ७ मे रोजी ऑलिंपियात मुद्रित झालेली तबकडी ऐका. गळा तोच आहे, त्याची ताकद तीच आहे, आणि तरीही तिच्या स्टुडिओतील गाण्यांची घडण ज्यांच्या कानांत आहे त्यांना पाठीमागची वीण सैल जाणवते. त्या वाद्यवृंदावर तेव्हाही टीका झाली. त्या काळात तिच्याइतकी मोठी गायिका दुसरी नव्हती, आणि तिलासुद्धा साथीची उणीव गळ्याने पूर्णपणे भरून काढता आली नाही.

१९६७ च्या दौऱ्याचा परिणाम फार लवकर दिसला. जूनमध्ये ओटिसने कॅलिफोर्नियातील मॉन्टेरीच्या पॉप महोत्सवात त्याच साथीदारांनिशी गोऱ्या तरुण श्रोत्यांसमोर गाऊन ते मैदान जिंकले, आणि युरोपातील तीन आठवड्यांत रोज रात्री दोनदा घासून धारदार झालेला कार्यक्रमच त्याला तेथे उपयोगी पडला. त्याच वर्षी मेलडी मेकर या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी एल्व्हिस प्रेस्लीला मागे टाकून त्याला जगातील सर्वोत्तम गायक ठरवले. १० डिसेंबरला विस्कॉन्सिनमधील मॅडिसनजवळच्या सरोवरात त्याचे विमान कोसळले. तो २६ वर्षांचा होता.

तुमच्या सत्रासाठी माझी सूचना अशी, की सुरुवात पॅरिसमधील मोटाउनच्या ध्वनिमुद्रणाने करा आणि सुप्रीम्सचे एखादे गाणे आधी तबकडीवरून, लगेच मंचावरून ऐकवा, म्हणजे कोणते थर गळले ते श्रोत्यांना न सांगता कळेल. त्यानंतर टॉम डाउड या ध्वनिअभियंत्याने लंडन आणि पॅरिस येथे मुद्रित केलेल्या स्टॅक्सच्या तबकड्यांतील एक-दोन गाणी घ्या. शेवटी, पडदा आणि प्रोजेक्टर मिळाला तर, ७ एप्रिल १९६७ रोजी ऑस्लोमध्ये नॉर्वेच्या दूरचित्रवाणीने चित्रित केलेला कार्यक्रम दाखवा. पहिल्यांदा सगळे ओटिसकडे पाहतील आणि ते योग्यच आहे. तेच गाणे लगेच दुसऱ्यांदा लावा, आणि या वेळी त्यांना अल जॅक्सनच्या हातांकडे पाहायला सांगा.